ओठ आणि शब्द यांचा ताळमेळ

किनवटच्या बाजारपेठेतील एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणावे. खाली दुकान, वर राहते घर आणि त्यावर माळा. माळ्यावर रोजकीर्द-खतावण्यांच्या कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांशेजारी एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत दहा-बारा व्हीएचएस कॅसेट. एकीवर थोरल्या मुलाच्या लग्नाची तारीख आहे, दुसरीवर आजींच्या वर्षीतपाच्या पारण्याची, तिसरीवर आजोबांच्या पंचाहत्तरीची. आजोबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. शहरात शिकणारा नातू दिवाळीच्या सुटीत ती तिसरी कॅसेट घेऊन जातो, स्टुडिओत देतो आणि पेन ड्राइव्हवर उतरवून आणतो. रात्री दुकान वाढवल्यावर सारे घर टीव्हीसमोर जमते.

पहिली दहा मिनिटे आनंदात जातात. पण अर्ध्या तासानंतर काहीतरी बिघडते. आजोबा बोलायला तोंड उघडतात, शब्द मात्र क्षणभराने येतात. तासाभराने तर ते बोलून, हात जोडून खाली बसलेले असतात आणि त्यांचे शेवटचे वाक्य रिकाम्या माइकमधून ऐकू येत असते. आजी हळूच विचारतात, "हे बोलताहेत, की यांच्या मागं उभं राहून दुसरंच कुणी बोलतंय?" नातवाकडे उत्तर नसते. कोणीतरी टीव्ही बंद करते.

ही कथा एका घराची नाही. ज्या ज्या घरांतून जुन्या कॅसेट, व्हीसीडी आणि आता मोबाइलवरील चित्रणही एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेले जाते, तेथे हा अनुभव थोड्याफार फरकाने येतोच. 'कॅसेटच खराब झाली असेल' असे म्हणून बहुतेक जण तो विषय सोडून देतात. वस्तुतः बहुतेक वेळा कॅसेट निर्दोष असते. चूक हिशोबाची असते. आणि हिशोबाची चूक शोधून दुरुस्त करता येते, हे व्यापारी घराला वेगळे सांगावयास नको.

वेळ थोडा आहे

या कामाची निकड आधी लक्षात घेतली पाहिजे. व्हीएचएस पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. पुढील चार दशकांत ती घरोघरी पोहोचली आणि मग मागे पडली. व्हीसीआर यंत्रे बनवणाऱ्या अखेरच्या मोठ्या उत्पादकांपैकी जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये आपले उत्पादन थांबवले. म्हणजे आज जी यंत्रे चालू आहेत ती सारी जुनी आहेत, त्यांचे सुटे भाग दुर्मिळ आहेत आणि त्यांची संख्या दरवर्षी घटतच जाणार आहे. दुसरीकडे कॅसेटमधील फीतही म्हातारी होत असते. पैनगंगेच्या खोऱ्यातला, सागवानी जंगलाने वेढलेला हा मुलूख. येथे पावसाळ्यात हवा दमट असते आणि मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. दमट हवेने फितीवर बुरशी धरते, उष्णतेने फीत आक्रसते आणि चिकटते. फोटो पिवळा पडला तरी ओळखू येतो. पण माणसाचा आवाज घरात दुसरीकडे कोठे साठवलेला नसेल, तर ती फीत हेच त्याचे एकमेव दस्त होय. म्हणून रूपांतर करावयाचेच. पण ते ताळमेळ राखून करावयाचे.

दोन प्रवासी, दोन घड्याळे

व्हीएचएस फितीवर चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर, एकमेकांशी बांधलेले असतात. चित्राच्या रेषा तिरप्या उमटतात, आवाजाचा साधा मार्ग फितीच्या कडेने जातो. फीत थोडी हळू फिरली तर दोन्ही हळू होतात. फाटली तर दोन्ही तुटतात. त्यामुळे मूळ फितीवर ओठ आणि शब्द यांची फारकत सहसा होत नाही.

संगणकात शिरताना मात्र दोघांची वाट वेगळी होते. चित्राच्या चौकटी एका मार्गाने मोजल्या जातात आणि आवाजाचे नमुने दुसऱ्या मार्गाने. भारतात दूरदर्शनने स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. डीव्हीडीच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, तर संगीताच्या सीडीत आणि व्हीसीडीत ४४,१००. हे दोन प्रवाह शेवटी एव्हीआय, एमपी४ किंवा एमकेव्ही अशा एखाद्या फाइलीत एकत्र ठेवले जातात. ही फाइल म्हणजे फक्त पेटी होय. पेटीत दोन वेगवेगळी बिऱ्हाडे राहतात. चित्राने एका घड्याळाकडे पाहून चालावे आणि आवाजाने दुसऱ्या, अशी ती व्यवस्था आहे. दोन्ही घड्याळे जुळलेली असतील तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

किनवटच्या जुन्या व्यापाऱ्यांना याचे एक जवळचे उदाहरण आठवेल. मुदखेड-आदिलाबाद हा लोहमार्ग पूर्वी मीटर गेजचा, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीचा होता. ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचे. दोन गेज जेथे भेटत तेथे माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. चढउतारीत एखादे पोते मागे राहिले, तर मुक्कामावर मोजणी जुळत नसे. व्हिडिओचे रूपांतर ही अशीच गेज बदलण्याची जागा आहे. पोती तेथेच मागे राहतात.

प्रश्न जुनाच आहे

चित्र आणि आवाज यांना एकत्र नांदवण्याचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला, तेव्हा चित्रपट मुका होता. मुक्या चित्रपटाचे यंत्र हाताने फिरवले जाई. वेग थोडा कमीजास्त झाला तरी काही बिघडत नसे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलू लागला आणि पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट पडद्यावर आणला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना चित्रीकरणाच्या वेळीच बोलावे आणि गावे लागले. पार्श्वगायनाची सोय हिंदी चित्रपटात १९३५ च्या 'धूप छाँव'पासून रुळली. आवाज आला आणि चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी असा कायमचा ठरून गेला. कारण डोळा वेगातील फरक सोसतो, कान सोसत नाही. वेग बदलला की स्वर चढतो किंवा उतरतो.

त्या काळच्या फितीत एक गंमत होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एखाद्या चौकटीचा आवाज त्या चौकटीशेजारी नसून सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असे. चित्र दाखवताना फिल्म क्षणोक्षणी थांबत, धक्के घेत सरकते. आवाज वाचताना मात्र ती संथ, अखंड सरकली पाहिजे. म्हणून दोन्हींच्या जागा प्रक्षेपण-यंत्रात वेगळ्या ठेवल्या होत्या आणि मध्ये फिल्मचा ठरावीक लांबीचा सैल वळसा असे. ऑपरेटरने तो वळसा लहानमोठा ठेवला की पडद्यावरचा नायक आधी ओठ हलवी आणि मग बोले. प्रेक्षक ओरडत, ऑपरेटर फिल्म पुन्हा बसवी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तो 'ऑडिओ सिंक' दुरुस्त करीत असे.

चित्रीकरणाच्या वेळी वाजवली जाणारी लाकडी पाटीही याच कामाची. पाटीच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटताना दिसतात ती चौकट आणि 'टक्' ऐकू येतो तो क्षण, हे दोन्ही जुळवले की पुढचे सारे दृश्य जुळते. ही युक्ती घरच्या कॅसेटलाही लागू पडते. ती कशी, ते पुढे पाहू.

किती फरक चालतो?

पैनगंगेच्या पैलतीरावर कोणी दगडावर कपडे आपटत असेल, तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. धुणारा माणूस १७० मीटरांवर असेल तर आवाज अर्धा सेकंद मागून येतो. निसर्गात आवाज नेहमी दृश्यामागून येतो, पुढे कधीच नाही. म्हणून मेंदू उशिरा आलेला आवाज थोडाफार चालवून घेतो; आधी आलेला आवाज मात्र लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की तो प्रेक्षकाला जाणवू लागतो. एक सेकंद म्हणजे १,००० मिलिसेकंद आणि पॅल पद्धतीतील एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. अर्थात एका-दोन चौकटींचा फरक घरच्या चित्रणात क्षम्य आहे. अर्ध्या सेकंदाचा नाही. शंका असेल तेथे आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे नको.

चूक तीन प्रकारची

पासबुक आणि खतावणी जुळत नाही, तेव्हा अनुभवी मुनीम आधी आकडे खोडत बसत नाही. फरक कसा आहे, हे तो पाहतो. फरक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर आरंभीची शिल्लक चुकीची उतरवली आहे. फरक दर महिन्याला ठरावीक गतीने वाढत असेल, तर व्याजाचा दर चुकला आहे. आणि फरक एखाद्या तारखेला एकदम उपटला असेल, तर त्या दिवसाची नोंद राहून गेली आहे. व्हिडिओतील चुकाही नेमक्या याच तीन जातींच्या असतात.

पहिली जात स्थिर फरकाची. आवाज आरंभी अर्धा सेकंद मागे असतो आणि शेवटीही अर्धाच सेकंद. चित्र आणि आवाज नोंदवण्यास एकाच क्षणी सुरुवात झाली नाही, किंवा आरंभीचा भाग कापताना एकाचाच कापला गेला, असा त्याचा अर्थ. ही चूक सर्वांत सोपी.

दुसरी जात वाढत्या फरकाची. आरंभी सारे ठीक, तासाभराने फरक ठळक, शेवटी असह्य. आजोबांच्या कॅसेटचे झाले ते हेच. येथे चित्राचे आणि आवाजाचे घड्याळ वेगवेगळ्या गतीने चाललेले असते.

तिसरी जात उडीची. सारे सुरळीत चाललेले असताना एका जागी चित्र थरथरते आणि तेथून पुढे आवाज अचानक मागे किंवा पुढे होतो. फीत तेथे चुरगळलेली असते, किंवा दोन चित्रणांमध्ये कोरा भाग असतो. उतरवणाऱ्या यंत्राला त्या चौकटी नीट दिसल्या नाहीत म्हणून त्याने सोडून दिल्या. आवाज मात्र पूर्ण घेतला. पोते मागे राहिले ते येथे.

मुद्दल आणि व्याज

चुकीची जात ओळखण्यासाठी फाइल तीन ठिकाणी तपासावी: आरंभी, मध्यावर आणि शेवटी. प्रत्येक ठिकाणी असा क्षण शोधावा की जेथे घटना दिसते आणि ऐकूही येते. नारळ फोडणे, देरासरातील घंटा, ढोलाचा पहिला ठोका, टाळी, ताटावर पडलेला चमचा, या साऱ्या आपल्या घरच्या लाकडी पाट्याच होत. प्रवचनाच्या किंवा भाषणाच्या चित्रणात असे काही नसेल, तर ओठांकडे पाहावे. आपल्या वर्णमालेने ही सोय करूनच ठेवली आहे. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण; दोन्ही ओठ पूर्ण मिटल्यावाचून ते उच्चारताच येत नाहीत. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना पहिल्या 'मि'ला ओठ मिटतात ती चौकट आणि तो ध्वनी ऐकू येतो तो क्षण, यांतील अंतर मोजावे.

आता उदाहरण घेऊ. समजा, पाचव्या मिनिटाला आवाज ०.४ सेकंद मागे आहे आणि २ तास ५ मिनिटांवर २.८ सेकंद मागे. मधला काळ २ तास, म्हणजे ७,२०० सेकंद. या काळात फरक २.४ सेकंदांनी वाढला. २.४ ला ७,२०० ने भागले की दर निघतो: दर ३,००० सेकंदांना एक सेकंद, म्हणजे शेकडा ०.०३३. हे झाले व्याज. पहिल्या पाच मिनिटांचे, म्हणजे ३०० सेकंदांचे व्याज ०.१ सेकंद, ते ०.४ मधून वजा केले की ०.३ सेकंद उरतात. हे झाले मुद्दल, म्हणजे आरंभीचा स्थिर फरक.

आता मधल्या मोजणीने पडताळा घ्यावा. १ तास ५ मिनिटांवर, म्हणजे ३,९०० सेकंदांवर, व्याज १.३ आणि मुद्दल ०.३ मिळून फरक १.६ सेकंद यावयास हवा. प्रत्यक्ष मोजणीत तेवढाच आला, तर दर सरळ आहे आणि उपाय एकाच घावात होईल. वेगळाच आला, तर मध्ये कोठेतरी उडी आहे. तो भाग वेगळा शोधावा लागेल. हे केल्याशिवाय आवाज इकडेतिकडे सरकवत बसणे म्हणजे फरक न शोधता 'किरकोळ' खात्याला रक्कम टाकण्यासारखे आहे. आज जुळल्यासारखे दिसते, वर्षअखेरीस पुन्हा डोके वर काढते.

दर पाहून दोषी ओळखावा

वाढता फरक किती गतीने वाढतो, यावरून चूक कोणी केली हेही समजते. तासाला ३.६ सेकंद, म्हणजे हजारात एक, असा फरक आला तर सेकंदाला ३० चौकटी आणि २९.९७ चौकटी यांत घोटाळा झाला आहे. २९.९७ ही अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीतील संख्या. परदेशातील नातलगांनी पाठवलेल्या जुन्या चित्रणात ती भेटते.

फरक तासाला तब्बल १४४ सेकंदांचा असेल, तर २४ आणि २५ चौकटींची गल्लत आहे. एका तासाचे चित्र ५७ मिनिटे ३६ सेकंदांत उरकले जाते. अशा वेळी आवाजही तेवढ्याच वेगाने पळवला, तर ताळमेळ जुळतो, पण स्वर सुमारे पाऊण अर्धस्वराने वर चढतो. ओठ जुळतात, आवाज मात्र आजोबांचा राहत नाही. घरच्या माणसांच्या कानाला हा फरक तात्काळ कळतो.

सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी घेतलेला आवाज ४४,१०० च्या हिशोबाने वाजवला, तर एका तासाचा आवाज ६५ मिनिटे १८ सेकंदांचा होतो आणि बोलणे जाड, रेंगाळलेले वाटते. व्हीसीडी आणि डीव्हीडी यांची सरमिसळ होते तेथे ही चूक संभवते. उलट फरक तासाला एखाद-दोन सेकंदच असेल, तर चित्र पकडणारे यंत्र आणि आवाज पकडणारे साउंड कार्ड यांची घड्याळे निराळी आहेत, एवढेच. वरच्या उदाहरणातील दर तासाला १.२ सेकंद होता; तो याच जातीचा.

मोबाइलची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक मोबाइल सेकंदाला ठरावीक चौकटी घेत नाहीत. प्रकाश कमी झाला की चौकटी कमी करतात. संपादनाचा कार्यक्रम मात्र चौकटी समान अंतराने आहेत असे गृहीत धरतो आणि ताळमेळ बिघडतो. म्हणून मोबाइलचे चित्रण संपादनापूर्वी स्थिर चौकटींच्या फाइलीत उतरवून घ्यावे. हँडब्रेक या मोफत कार्यक्रमात त्यासाठी 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' असा पर्याय असतो.

दुरुस्ती कशी करावी

प्रथम काहीही न बदलता पडताळावे. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल चालू असताना संगणकाच्या कळफलकावरील 'जे' आणि 'के' या कळा दाबल्या की आवाज ५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकतो. यातून मूळ फाइल बदलत नाही. फक्त किती सरकवावे लागेल हे कळते. फरक स्थिर असेल तर एवढा आकडा पुरेसा आहे. एमकेव्हीटूलनिक्स या मोफत कार्यक्रमात आवाजाच्या विलंबाच्या रकान्यात तो भरला की नवी फाइल तयार होते. चित्राला किंवा आवाजाला पुन्हा दाबावे लागत नाही, म्हणून प्रतीत तसूभरही घट येत नाही.

फरक वाढता असेल, तर आवाज वेगळा काढून ऑडॅसिटीसारख्या कार्यक्रमात त्याची लांबी बदलावी. वरच्या उदाहरणात आवाज मागे पडत चालला आहे, म्हणजे तो लांबला आहे. त्याचा वेग शेकडा ०.०३३ ने वाढवावा. आधी व्याज मिटवावे आणि मग मुद्दलाचे ०.३ सेकंद सरकवावेत, हा क्रम ठेवला म्हणजे गोंधळ होत नाही. एवढ्या सूक्ष्म बदलाने स्वरात कानाला कळण्याजोगा फरक पडत नाही. बदल मोठा असेल, तर स्वर न बदलता केवळ गती बदलणारा 'टेम्पो'चा पर्याय वापरावा. मात्र आवाजच मुळात चुकीच्या दराने वाजत असेल आणि त्यामुळे स्वर उतरला असेल, तर 'स्पीड' बदलावा. त्याने लांबी आणि स्वर दोन्ही मूळपदावर येतात.

उडीची चूक असेल, तर उडी जेथे पडते तेथे फाइलीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवावा. उड्या अनेक असतील, तर दुरुस्तीपेक्षा कॅसेट पुन्हा उतरवणे श्रेयस्कर. थरथरणाऱ्या चित्राच्या वेळा स्थिर करणारे 'टाइम बेस करेक्टर' नावाचे उपकरण व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये जोडलेले असेल, तर बहुतेक उड्या मुळातच टळतात.

एक सूचना व्हीसीडीविषयी. लग्नाचे चित्रण दोन-तीन व्हीसीडींवर विभागलेले असते आणि ते एका फाइलीत जोडावे असा मोह होतो. प्रत्येक भागात चित्र आणि आवाज यांची लांबी किंचित वेगळी असते. जोडताना तो फरक पुढच्या भागात ओढला जातो. प्रत्येक वहीची बेरीज जुळवूनच पुढच्या वहीत शिल्लक ओढावी, हाच नियम येथे पाळावा.

काम देताना आणि घेताना

सारेच काम घरी करता येईल असे नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु काम बाहेर देताना चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. चित्र पॅलच्या २५ चौकटींनी आणि आवाज ४८,००० नमुन्यांनी उतरवावा. केवळ लहान केलेली एमपी४ न घेता आधी उतरवलेली मोठी फाइलही मागून घ्यावी. डीव्ही पद्धतीत ती तासाला सुमारे १३ जीबी होते. बुरशी दिसणारी कॅसेट साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नये. ती स्वतः बिघडते आणि पुढच्या कॅसेटही बिघडवते. आणि पैसे चुकते करण्यापूर्वी फाइल आरंभी, मध्ये व शेवटी लावून पाहावी. केवळ पहिली दोन मिनिटे पाहून माल ताब्यात घेणे म्हणजे पोत्याच्या तोंडाचा नमुना पाहून गाडी उतरवून घेण्यासारखे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रूपांतर झाले म्हणून मूळ कॅसेट फेकू नये. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जपून ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या आणि त्यांत प्रभातचा अमोल ठेवाही गेला. जी हानी एवढ्या मोठ्या संस्थेला टाळता आली नाही, ती घरातील पत्र्याच्या पेटीला कशी टळेल? म्हणून मूळ कॅसेट कोरड्या जागी उभी ठेवावी. मोठ्या फाइलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, मुलीच्या किंवा भावाच्या घरी असावी. दुकानाचा विमा उतरवणाऱ्या माणसाने एवढी काळजी घेणे अवघड नाही.

पुन्हा त्याच घरी

आता पुन्हा किनवटच्या त्या घराकडे वळू. नातवाने दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन मोजणी केली असे समजावे. पंचाहत्तरीच्या आरंभी कोणीतरी नारळ फोडलेला असतो, मध्ये टाळ्या असतात आणि शेवटी आजोबांचे 'मिच्छामि दुक्कडम्' असते. तीन ठिकाणचे तीन आकडे, एक भागाकार, एक वजाबाकी, पाचवी-सहावीतले गणित. आजोबांनीच त्याला कधीकाळी गल्ल्याशेजारी बसवून शिकवलेले.

संध्याकाळी टीव्ही पुन्हा लागतो. तासभर लोटतो. आजोबा उभे राहतात, चष्मा पुसतात, समोरच्या मंडळींकडे पाहतात. कळतनकळत कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी, असे ते म्हणतात, आणि या वेळी ओठ मिटतात तेव्हाच 'मि' ऐकू येतो. आजी काही बोलत नाहीत. फक्त हात जोडतात, जणू समोरच्याला उत्तर द्यावयाचे राहून गेले होते.

हिशोब जुळला की मुनीम शेवटच्या बेरजेखाली दोन रेघा ओढतो. घरातील जुन्या आवाजांचा हिशोब अजून पुष्कळ घरांत उघडाच पडलेला आहे. पेटी माळ्यावरून खाली उतरवावी. पावसाळा दरवर्षी येतो.